प्रोफेसर केळफा यांचे हिशेब

जानेवारी २००० मध्ये ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ नावाचा हिंदी चित्रपट आला होता. पुष्कळांना आठवत असेल. दोन टीव्ही वाहिन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. एकीचा बातमीदार शाहरुख खान, दुसरीची जुही चावला. बातमी कोणाची आधी, यावरून दोघांची जुंपते आणि भांडता भांडता व्हायचं ते होतं. वाहिन्यांचे मालक, जाहिरातदार, बातमीचा बाजार, सगळ्यांची त्यात हसत हसत धुलाई होती. दिग्दर्शक अझीझ मिर्झा, शाहरुख आणि जुही या तिघांनी स्वतःची कंपनी काढून केलेला हा पहिला चित्रपट. तो तिकीट खिडकीवर फारसा चालला नाही. आमच्या घरी मात्र टीव्हीवर लागला की अजूनही कामं मागे पडतात.

आपण ज्या धंद्यावर जगतो त्याचीच टवाळी करायची, ती लोकांपुढे मांडायची आणि वर तिकीटही लावायचं, ही नव्या जमान्याची खोड आहे असं आपल्याला वाटतं. नाशिककरांनी तरी तसं समजू नये. ज्या माणसानं या देशात पडद्याचा धंदा उभा केला, तो आपल्या त्र्यंबकेश्वरचा. आणि त्या धंद्याची पहिली गंमतही त्यानंच केली. तो धुंडिराज गोविंद फाळके. आपले दादासाहेब.

दादासाहेबांचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येतो तो एक गंभीर चेहरा. पुरस्काराच्या बातमीबरोबर छापला जाणारा, हार घातल्यासारखा. १९६९ पासून हा पुरस्कार दिला जातो, पहिला देविकाराणींना मिळाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मुंबईत दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. गोरेगावच्या चित्रनगरीलाही त्यांचंच नाव आहे, आणि सासू-सुनांच्या कितीतरी मालिका तिथंच घडतात. इतका मान मिळाला की माणसाचं हसू पुसलं जातं. मी आयुष्यातली तीसेक वर्षं बँकेत काढली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. त्यामुळे कोणाचंही चरित्र हाती आलं की मी दोन गोष्टी शोधतो. याच्याकडे पैसा कुठून आला, आणि याच्या घरात कोण हसत होतं. दादासाहेबांच्या बाबतीत दोन्हींची उत्तरं एकाच घरात सापडतात.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार. घरात पौरोहित्य आणि पाठांतर. मुलानं त्याच वाटेनं जावं ही अपेक्षा असणार, पण वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि त्र्यंबकचं बिऱ्हाड मुंबईला हललं. तिथं धुंडिराज जे. जे. कलाशाळेत गेला. पुढे बडोद्याला थोरल्या भावाकडे, तिथल्या कलाभवनात. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणं, नेपथ्य, जे समोर येईल ते शिकत गेला. नेमकं काय व्हायचं आहे हे त्याला तिशी उलटेपर्यंत ठरवता आलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर पालकांच्या काळजीचा विषय.

गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला. तो नीट बसायच्या आत प्लेगनं बायको आणि मूल दोन्ही नेलं. बडोद्यात परत येऊन पुन्हा दुकान थाटलं, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी लोकांत समजूत. गिऱ्हाईक फिरकेना. याच सुमारास त्यांनी एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि जादूचे प्रयोग सुरू केले. रंगमंचावर नाव घेतलं प्रोफेसर केळफा. कोणाला वाटावं, कुठला तरी परदेशी उस्ताद. फाळके हे आडनाव उलटं वाचा, म्हणजे कळेल.

मला हा माणूस इथं पहिल्यांदा आवडला. पहिला संसार मोडलेला, धंदा बसलेला, आणि हा आपलं आडनाव उलटं करून लोकांपुढे उभा राहतो. प्रोफेसर केळफांनी दादासाहेबांना शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढे चित्रपटांचा व्याप वाढल्यावरही त्यांनी आपल्या जादूच्या खेळांची एक छोटी फिल्म काढली. तिचे तुकडे आजही शिल्लक आहेत.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. मुलगी करंदीकरांची गिरिजा, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची पुतणी. सासरी तिचं नाव सरस्वती ठेवलं. नवऱ्याहून ती वयानं बरीच लहान होती. नाटकवाल्यांच्या घरातली म्हणजे रात्रीचे प्रयोग, कंपनीची पंगत, आज पैसा आणि उद्या चणचण, हे तिला नवं नसावं. ते बरंच झालं. कारण लग्नानंतर नवरोबांनी पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी धरली, आणि थोड्याच वर्षांत सोडली. सरकारी, पेन्शनची नोकरी! ती सोडून लोणावळ्याला छपाई आणि ठसे तयार करण्याचा कारखाना काढला, भागीदार घेऊन तो दादरला आणला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसलं आणि स्वतः उभ्या केलेल्या कारखान्यातून हात हलवत बाहेर पडले. त्यांच्या आयुष्याचा हा साचाच आहे. काम यांचं, भांडवल दुसऱ्याचं, आणि एके दिवशी दाराबाहेर हे.

गिरगावातल्या तंबूवजा सिनेमात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांना पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसू लागले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना माहीत आहे. ती १९१०-११ च्या सुमाराची. त्यांनी स्वतःच ती पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत सांगितली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मला त्यानंतरचे महिने महत्त्वाचे वाटतात. पुढे हे गृहस्थ रोज चार-पाच तास सिनेमा बघत बसू लागले. उरलेल्या वेळात घरी खटपट. डोळे इतके ताणले की दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. घरात कमावता एकच, तोही नोकरी-धंदा नसलेला, आणि डोळ्यांवर पट्टी. त्या महिन्यांत सरस्वतीबाईंनी घर कसं चालवलं असेल, यावर कोणी कादंबरी लिहिली तर मी आधी ती वाचीन.

आता पैशाची गोष्ट. लंडनला जाऊन यंत्रं आणायची, तर भांडवल हवं. त्यांनी बारा हजारांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून दहा हजारांचं कर्ज काढलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. बँकवाल्याचा जीव इथं अडकतो. पॉलिसीची दर्शनी रक्कम म्हणजे तिची आजची किंमत नव्हे. आज हप्ते थांबवून पॉलिसी परत केली तर हाती किती येईल, त्या रकमेवर कर्ज द्यायचं, हा नियम. ती रक्कम बाराच्या जवळपासही असणं अवघड. म्हणजे ज्यानं दहा हजार दिले त्यानं कागदावर दिले नाहीत, माणसावर दिले.

लंडनवारीच्या आगेमागे दुसरं एक तारण त्यांनी तयार केलं. त्याला कुठल्याच बँकेच्या फॉर्मात रकाना नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभरात त्याचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. पडद्यावर ती मिनिटभरात दिसे. दाणा फुटतो, कोंब वर येतो, पानं उलगडतात, वेल चढतो. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. ती पाहून सावकार तयार झाले. एवढा निर्मळ प्रोजेक्ट रिपोर्ट मी नोकरीत कधी पाहिला नाही.

एकदा मात्र त्याच्या जवळपास जाणारं काही पाहिलं. नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. घरोघर केबल पोचली होती आणि नव्या वाहिन्यांना काहीही चाललं असतं. मी तेव्हा नाशिकच्या एका शाखेत कर्जविभागात होतो. दोन तरुण प्रस्ताव घेऊन आले. हिंदी मालिका काढायची होती. विषय काय, तर टीव्ही मालिका बनवणाऱ्या एका फुटकळ कंपनीत जमणारं प्रेम. तारण विचारलं, तर त्यांनी पिशवीतून व्हिडिओ कॅसेट काढली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर पहिला भाग उतरवला होता. संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर कोणाच्या तरी घरून व्हीसीआर आणला आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी तो पाहिला. त्यात नायिकेला रडण्याचा प्रसंग होता, ग्लिसरीन संपलेलं, म्हणून नायक शेजारून कांदा मागून आणतो आणि त्याचेच डोळे आधी वाहू लागतात. आमचे साहेब खुर्चीवरून पडायचे बाकी होते. दुसऱ्या दिवशी प्रस्ताव परत गेला. नियमात दुसरं काही बसत नव्हतं, आणि लोकांच्या ठेवी ज्याच्या हातात आहेत त्यानं हसू आलं म्हणून सही करायची नसते. फाळक्यांचा वाटाणा आमच्या टेबलावर आला असता तर तोही परतच गेला असता. सुदैवानं तो आला नाही.

१ फेब्रुवारी १९१२ ला ते बोटीत बसले. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या सिनेमा साप्ताहिकाच्या संपादकांना थेट जाऊन भेटले, त्यांच्या ओळखीनं हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी असा सगळा बंदोबस्त करून १ एप्रिलला परत आले. दादरच्या बंगल्यात फाळके फिल्म्स कंपनी उभी राहिली. आणि ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला.

या चित्रपटाच्या घडण्यावर कोणी हिंदी विनोदी चित्रपट काढला असता तर प्रसंग रचायची गरज पडली नसती. मराठीत परेश मोकाशींनी २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला तो याच जाणिवेनं, म्हणूनच तो मुलाबाळांसह बघता येतो. वर्तमानपत्रात नट पाहिजेत म्हणून जाहिरात दिली, तर असे चेहरे येऊन उभे राहिले की पुढच्या जाहिरातीत कुरूपांनी तसदी घेऊ नये अशा अर्थाची ओळ घालावी लागली, असं सांगतात. सिनेमात काम करतो म्हणणं कमीपणाचं. म्हणून घरी आणि शेजारी हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी लागली असं सांगायचं ठरलं. हरिश्चंद्र मिळाला, दत्तात्रय दामोदर दबके. तारामती मिळेना. बाईमाणूस तयार होईना. नाचगाण्याच्या वस्तीतही विचारून झालं. घरात सरस्वतीबाईंनाही विचारलं म्हणतात, तर त्यांनी हातातल्या कामांची यादी पुढे केली.

अखेर ग्रँट रोडच्या एका खानावळीत तारामती सापडली. तिथं स्वयंपाकाला असलेला अण्णा साळुंके. नाजूक हात, सडपातळ बांधा. महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पण मिशीचा प्रश्न आला. वडील हयात असताना मिशी उतरवायची नाही हा त्या काळचा रिवाज, आणि फाळक्यांच्या साऱ्या राण्या-दासींना मिशा! समजूत घालून त्या उतरवाव्या लागल्या. चित्रपटात राणी आणि तिच्या सख्या कारंज्याच्या हौदात जलक्रीडा करतात. ओलेती लुगडी नेसलेले ते सगळे बाप्ये आहेत हे माहीत असूनही प्रसंग गोड वाटतो. हा भाग शिल्लक आहे. चार रिळांतलं पहिलं आणि शेवटचं रीळ आज उरलं आहे.

रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. म्हणजे नवरा दिग्दर्शक, मुलगा नट. आणि आई? साठ-सत्तर माणसांचं दोन वेळचं जेवण तिच्याकडे. पोशाख धुणं तिच्याकडे. उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडायचा, तेही तिच्याकडे. फिल्म धुण्याची रसायनं कालवणं तिच्याकडे. रात्री मुलं निजली की अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, कारण त्या काळी फिल्म सपाट यायची.

एका रिकाम्या दुपारी मी हा हिशेब मांडला. चित्रपटाची लांबी तीन हजार सातशे फूट. फुटाला सोळा चित्रं. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. गुणाकार केला तर चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. हे फक्त एकदा, जी फिल्म वाया गेली ती वेगळी. भोकं यंत्रानं पडत, पण ती फीत अंधारात यंत्राखाली सरळ सरकवणारे हात कोणाचे तरी असतातच. चित्रीकरण चाललं सहा महिने सत्तावीस दिवस.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांना आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांना ‘राजा हरिश्चंद्र’ दिसला. पाट्या इंग्रजी आणि हिंदी. म्हणजे पडद्यावरची हिंदी सुरू झाली ती त्र्यंबकच्या मराठी भटजींच्या मुलाकडून. आणखी एक गंमत. त्याच तिकिटात एका मडमेचा नाच, एक इंग्रजी विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू असा कार्यक्रम होता. नुसता हरिश्चंद्र पुरेल याची खात्री कोणालाच नव्हती.

सुरतेला तर पहिल्यांदा कोणी फिरकेचना. रात्रभर चालणारं नाटक बघायची सवय असलेले लोक तासा-दीड तासाच्या खेळाला पैसे कशाला देतील? तेव्हा प्रोफेसर केळफा जागे झाले. जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रं आणि दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. लोक लोटले. बँकेत आकडे तपासायची सवय असल्यानं मी तेही पडताळून पाहिलं. सत्तावन्न हजार जवळपास बरोबर आहे. दोन मैल नाही. तीन हजार सातशे फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. पण सुरतेत कोणी फीत उलगडून मोजायला बसलं नसावं.

यश आल्यावर फाळक्यांनी मुंबईत राहावं की नाही? ते बिऱ्हाड उचलून नाशिकला आले. घाट, देवळं, वाडे, डोंगर, झाडी, पुराणकथांना लागणारं सगळं नेपथ्य इथं फुकट उभं होतं. ‘मोहिनी भस्मासुर’ इथं झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पहिल्यांदाच खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. आणि त्याच्या जोडीला फाळक्यांनी एक छोटा विनोदी चित्रपट लावला, ‘पिठाचे पंजे’. पुराणकथेच्या ताटात चटणी वाढावी तसं हे. पुढे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. तळेगावच्या काच कारखान्यावर केली, सिंहस्थावर केली. राम-कृष्णांचे फाळके आपल्याला ठाऊक आहेत, पण काड्या नाचवताना त्यांच्या चेहऱ्यावर काय असेल ते मला बघायला आवडलं असतं.

१९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथं कौतुक झालं. हेपवर्थनी तिथंच राहून चित्रपट काढण्याचा, मोठ्या पगाराचा प्रस्ताव ठेवला. यांनी नाकारला आणि नाशिकला परतले. परततात तोच महायुद्ध पेटलं. सावकारांनी हात आखडले, कच्ची फिल्म मिळेना, नाशिकची माणसं पगाराची वाट बघत बसलेली. तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण गेले. आमच्या धंद्यात सोनं हे उत्तम तारण. पण पहिल्या खेपेला विमा आणि दुसऱ्या खेपेला बायकोचे दागिने, हा उतरता क्रम कुठल्याही कर्ज अधिकाऱ्याला काळजीत पाडणारा आहे.

मग १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. साळुंके त्यात रामही झाला आणि सीताही. स्वतःच्याच विरहात स्वतःच झुरणारा हा नट. पडद्यावर राम दिसला की लोक चपला काढत, असं सांगतात. मद्रासेला गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असंही सांगतात. ही दुसरी गोष्ट खरी असावी असं मला वाटतं, कारण चिल्लर मोजायला बसलेल्या रोखपालाची पाठ मी पाहिलेली आहे.

त्याच सुमाराला त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही छोटी फिल्म काढली. आजच्या विषयाला खरी जोडलेली आहे ती हीच. तिचा काही भाग उरला आहे. त्यात स्वतः फाळके आहेत. नटांना हातवारे करून दाखवतायत, चित्रण चाललंय, फीत कापली-जोडली जातेय. ज्या देशात देशी चित्रपट निघू लागून चार वर्षं होत होती, तिथं प्रेक्षकाला पडद्याच्या मागे नेऊन, ही आमची भट्टी बघा, असं दाखवायला मोकळं मन लागतं. जादूगार सहसा आपली पेटी उघडत नाही.

पुढची हकीकत भरभर सांगतो, कारण ती भागीदारीची आहे. १९१८ च्या आरंभी नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार, आणखी पाच भागीदार, आणि फाळके काम करणारे भागीदार. या नावांत सरस्वतीबाईंचं नाव नाही. चार लाख भोकं, सत्तर माणसांचा स्वयंपाक, अंगावरचं सोनं, यांतलं काहीच भांडवल म्हणून धरलं गेलं नव्हतं. त्या काळी ते कोणाला खटकलं नसेल. मला खटकतं. ज्या बाईचे दागिने तारण होते ती आमच्या भाषेत नुसती बायको नसते, ती कर्जदाराइतकीच त्या व्यवहारातली पक्ष असते.

‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ यांत त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि दोन्ही चित्रपट गाजले. तरी वर्षा-दीड वर्षात कुरबुरी सुरू झाल्या. भागीदारांना वेळापत्रक हवं, खर्चाला आळा हवा. फाळक्यांना मनासारखं झाल्याशिवाय हात थांबवायचा नाही. वाचकांना राग येईल, पण मी इथं निम्मा भागीदारांच्या बाजूचा आहे. महिना संपला की पगार वाटावे लागतात, आणि कलावंताच्या मनासारखं होण्याला तारीख नसते. मात्र ज्याच्या नावावर पैसा उभा केला त्यालाच जाच वाटेल असं वागवणं हे धंद्याचं शहाणपण नव्हे. फाळके चिडले, कंपनी सोडली आणि सगळं कुटुंब घेऊन काशीला निघून गेले.

काशीत माणूस जातो तो सगळं सोडायला. यांनी तिथं बसून काय केलं? नाटक लिहिलं. ‘रंगभूमी’ त्याचं नाव. दोन भाग, सात अंक, आणि विषय त्या काळच्या नाट्यव्यवसायाची रेवडी. आपली माणसं आणि आपला बाजार बघून आलेलं सगळं त्यात उतरलं. बायको किर्लोस्कर मंडळीच्या घरातली, स्वतः नट आणि भागीदार पोसून दमलेले. साहित्याला तोटा नव्हता. १९२२ मध्ये ते मुंबईत रंगमंचावर आलं. चाललं नाही. जो माणूस आगकाड्यांवर लोकांना हसवू शकला, त्याला नाटकधंद्यावर हसवता आलं नाही. मला वाटतं, सात अंक हेच एक कारण पुरेसं होतं. रागावून लिहिलेला विनोद लांबतो, हे मी स्वतः कादंबरी लिहिताना पाहिलं आहे. या काशीपर्वावर आणि या नाटकावर कमल स्वरूप यांनी ‘रंगभूमी’ याच नावाचा माहितीपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाटकाला मिळाले नाहीत तेवढे प्रेक्षक नाटकाच्या अपयशाला मिळाले असावेत.

काशीतलाच आणखी एक किस्सा. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकरांनी त्यांना परत या म्हणून लिहिलं. फाळक्यांनी उलट कळवलं की सिनेमाच्या दृष्टीनं आपण मेलो आहोत. कोल्हटकर पडले वर्तमानपत्रवाले. त्यांनी फाळके वारले अशा अर्थाचा मथळा देऊन ते पत्र छापून टाकलं. मग काय, वाचकांच्या पत्रांचा पाऊस. कोणी हळहळलं, कोणी रागावलं, कोणी विनवण्या केल्या. कोल्हटकरांनी तीही छापली आणि काशीला पाठवली. आपल्याच मृत्यूवरच्या प्रतिक्रिया वाचत गंगेकाठी बसलेले दादासाहेब, आणि शेजारी सरस्वतीबाई. हा प्रसंग मला कोणीतरी पडद्यावर करून दाखवावा. ती पत्रं वाचून त्यांनी नाशिकला परत यायचं ठरवलं.

परत आले ते त्याच कंपनीत, महिना हजार रुपये पगारावर. भागीदाराचे नोकर झाले. हजार रुपये तेव्हा थोडे नव्हते, आणि चित्रपटही पुष्कळ काढले. त्यांच्या नावावर एकंदर नव्वदहून अधिक चित्रपट मोजतात. पण उमेद पूर्वीची नव्हती. १९२९ च्या सुमाराला पुन्हा बाहेर पडले, नवी कंपनी काढून ‘सेतुबंधन’ सुरू केला, तो पैशाअभावी रखडला. मधेच मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. १९३२ मध्ये ‘सेतुबंधन’ तयार झाला तेव्हा मुका चित्रपट बघायला कोणाला सवड नव्हती. मग मागाहून त्याला आवाज जोडण्याची केविलवाणी खटपट झाली. पुढे कोल्हापूरच्या महाराजांनी बोलावून घेतलं आणि १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ झाला. त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचा.

१९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. व्यासपीठावर धंद्यातली बडी मंडळी. व्ही. शांतारामांनी पुढाकार घेऊन मदत गोळा केली आणि नाशिकला गोळे कॉलनीत घर झालं. त्याचं नाव ‘हिंद सिने जनकाश्रम’. वर्षानुवर्षं लाखोंची उलाढाल ज्याच्या हातून झाली, त्याला डोक्यावर छप्पर मिळालं ते वर्गणीतून.

त्या घरातही माणूस स्वस्थ बसला नव्हता. दुसरं महायुद्ध चालू होतं. चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे, कारण कच्ची फिल्म नियंत्रणाखाली होती. सत्तरी ओलांडलेल्या, तब्येत ढासळलेल्या दादासाहेबांनी त्यासाठी रीतसर अर्ज केला. परवाना नाकारल्याचं पत्र आलं ते फेब्रुवारी १९४४ मध्ये, असं चरित्रांत आहे. त्यानंतर दोनच दिवसांत, १६ फेब्रुवारीला, नाशिकलाच ते गेले. अर्जदाराचं वय त्र्याहत्तर. मागणी, नवा चित्रपट.